लहान मेंदूचे मोठे कार्य



विज्ञानाच्या पुस्तकात मेंदूचे तीन मुख्य भाग तुम्ही शिकता. मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मस्तिष्कपुच्छ. ‘लहान मेंदूचे कार्य लिहा’ असा प्रश्न आला, की शरीराचा तोल सांभाळणे व हालचालींत सुसूत्रता आणणे, एवढे लिहून तुम्ही पूर्ण गुण मिळवता. हे उत्तर खोटे नाही. परंतु ते अर्धेच आहे, आणि अर्धे ज्ञान कधीकधी एखाद्यावर अन्याय करावयास पुरेसे होते. तसा अन्याय माझ्या हातून घडला. मी भाषेचा शिक्षक; माझी पदवीही कलाशाखेची. असे असता विज्ञानाच्या विषयावर लिहिण्याचे धाडस मी का करीत आहे, हे त्या हकिकतीवरून तुमच्या ध्यानात येईल.

काही वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात एक मुलगा वर्षभराच्या खंडानंतर परत आला. त्याच्या लहान मेंदूत गाठ झाली होती व ती शस्त्रक्रियेने काढण्यात आली होती. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे तो एक शब्दही बोलला नव्हता. पुढे वाचा परत आली, पण शब्द तुटक येत. चालताना पाय फाकवून टाकावे लागत. हे सर्व आम्हां शिक्षकांना ठाऊक होते. त्याला पुढच्या बाकावर जागा दिली, जिन्यावर सोबती दिला, आणि आपले कर्तव्य झाले असे आम्ही मानले.

पण त्याच्या निबंधाच्या वह्या माझ्याकडे येऊ लागल्या, तेव्हा मी चकित झालो. ‘माझा आवडता ऋतू’ या निबंधाचा प्रारंभ मध्येच कोठून तरी होई. एकच गोष्ट दोनदा येई. शेवट तर नसेच. तोंडी विचारले तर प्रत्येक सुट्या प्रश्नाचे उत्तर तो बरोबर देई. वर्गात एखादा गंभीर प्रसंग चालू असता तो मध्येच हसे. मी तांबड्या शाईने शेरा लिहिला : ‘अभ्यासात लक्ष नाही. विचार विस्कळीत. आळस सोडावा.’

दुसऱ्या दिवशी त्याची आई वही घेऊन आली. ती रागावली नव्हती. ती म्हणाली, “सर, तो रोज दोन-दोन तास बसतो हो. सगळं माहीत असतं त्याला, पण मांडताच येत नाही. आम्हांला एवढंच सांगितलं होतं, की तोल जाईल. मग हे काय होतंय?”

माझ्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या विज्ञानशिक्षकांच्या मदतीने मी वाचू लागलो. जे समजले ते आपणांपुढे ठेवतो.

लहान मेंदूची रचना

मानेच्या वर, डोक्याच्या मागील बाजूस, मोठ्या मेंदूच्या खाली लहान मेंदू असतो. त्याला अनुमस्तिष्क असेही म्हणतात. मनुष्याच्या मेंदूचे एकूण वजन सुमारे १४०० ग्रॅम; त्यांपैकी लहान मेंदूचा वाटा सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे साधारण एकदशांश. परंतु वजनावरून योग्यता ठरवू नये. २००९ साली सुझाना हेर्क्युलानो-हौझेल या ब्राझीलच्या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी मेंदूतील मज्जापेशींची नव्या पद्धतीने मोजदाद केली. एकूण मज्जापेशी सुमारे ८६ अब्ज निघाल्या. त्यांतील सुमारे ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत होत्या, आणि ज्या मोठ्या मेंदूच्या बाह्य थराचा आपण एवढा गौरव करतो, त्यात अवघ्या १६ अब्ज. म्हणजे दर पाच मज्जापेशींपैकी चार या ‘लहान’ म्हटल्या जाणाऱ्या अवयवात राहतात!

लहान मेंदूच्या पृष्ठभागावर बारीक, समांतर घड्या असतात; चुणीदार कापड दाबून ठेवावे तशा. या घड्यांत १८३७ साली यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एक मोठी पेशी पाहिली. ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते. वहीच्या पानांत दाबून ठेवलेली झाडाची डहाळी जशी सपाट पसरते, तशा या पेशीच्या शाखा एकाच पातळीत पसरलेल्या असतात. एकेका पुर्किन्ये पेशीला लाखाहून अधिक सूक्ष्म तंतू येऊन भिडतात. ते शरीराकडून व मोठ्या मेंदूकडून आलेल्या वार्ता पोहोचवितात. याखेरीज आणखी एक, एकच, वेगळा तंतू वेलीसारखा तिच्यावर चढलेला असतो. त्याला आरोही तंतू म्हणतात.

या एका तंतूचे काम काय? १९६९ साली इंग्लंडच्या डेव्हिड मार यांनी आणि १९७१ साली अमेरिकेच्या जेम्स आल्बस यांनी असा तर्क मांडला, की या रचनेतून मेंदू शिकतो. आल्बस यांच्या मते आरोही तंतू चुकीची सूचना देतो. त्या सूचनेसरशी लाख तंतूंपैकी ज्यांच्यामुळे चूक झाली त्यांचा जोर कमी होतो. जपानचे मासाओ इटो यांनी पुढे प्रयोग करून या तर्कास बळकटी आणली. आमच्या शिक्षकी भाषेत सांगावयाचे तर लाख तंतू म्हणजे विद्यार्थ्याने लिहिलेली उत्तरे, आणि आरोही तंतू म्हणजे गुरुजींची तांबडी शाई. मात्र ही शाई शेरा मारून थांबत नाही. पुढच्या वेळी चूक कमी व्हावी, अशी दुरुस्ती ती घडवून आणते.

जुने ज्ञान

पाठ्यपुस्तकातील वाक्यामागे दीर्घ इतिहास आहे. १८२४ साली फ्रान्सच्या फ्लूरांस यांनी पक्ष्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. कबुतराचा लहान मेंदू काढला तर ते पाहू शके, ऐकू शके, पण त्याचे चालणे व उडणे बेताल होई. पुढे पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागे गोळी लागलेले सैनिक गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरांनी तपासले. पेल्याकडे नेलेला हात पेल्याच्या पुढे जाई किंवा अलीकडेच थांबे; शक्ती असे, पण माप चुके. या निरीक्षणांमुळे लहान मेंदू म्हणजे हालचालींचा नियामक हे मत दृढ झाले. रुग्ण विचार कसा करतो, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. कारण त्याचा अडखळता पाय आणि जड जीभ यांनीच पाहणाऱ्याचे लक्ष वेधून घेतले होते.

या विषयात मुंबईचे नावही सन्मानाने घेतले जाते. ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालय येथील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया (१९२५–२०१६) यांच्याकडे तोल जाणारे रुग्ण येत. त्यांतील काहींच्या बाबतीत त्यांना एक चमत्कारिक गोष्ट दिसली. आपण एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे पाहतो तेव्हा डोळे क्षणार्धात उडी घेतात. या रुग्णांचे डोळे मात्र संथपणे सरकत, आणि बाजूला पाहण्यासाठी ते सबंध डोके वळवीत. एकाच घराण्यातील अनेकांना हा विकार होता. १९७१ साली डॉ. वाडिया व डॉ. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांची हकीकत ‘ब्रेन’ या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध केली. १९९६ साली या जातीच्या विकारास कारण होणारे जनुक सापडले. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा विकार असला, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. यात लहान मेंदू झिजतो व त्याच्या शेजारचा मस्तिष्कस्तंभही झिजतो. डोळ्यांची गती मंदावते ती मुख्यतः या दुसऱ्या झिजेमुळे. पुढे जगभर अशा रुग्णांच्या बुद्धीचीही कसोशीने तपासणी झाली, तेव्हा अनेकांना कामाची आखणी करणे, एका विचारावरून दुसऱ्यावर वळणे, भराभर शब्द आठवणे जड जाते असे आढळले. हात मंदावले म्हणून उत्तर मंदावले, एवढ्यानेच याचा उलगडा होत नव्हता.

आधीच ओळखण्याची विद्या

विचार आणि हालचाल यांचा संबंध काय, असे तुम्ही विचाराल. आपल्या इंदुरातील एक उदाहरण घेऊ. होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या संघाचे कर्णधार सी. के. नायडू आणि इंदुरातच जन्मलेले सय्यद मुश्ताक अली यांच्या फलंदाजीच्या आठवणी जुनी मंडळी सांगत आली आहेत. जलद गोलंदाजाचा चेंडू फलंदाजापर्यंत सुमारे अर्ध्या सेकंदात पोहोचतो. डोळ्याने पाहून, बुद्धीने ठरवून, मग हाताला आज्ञा द्यावी एवढी सवड तेथे कोठून असणार? फलंदाज चेंडू येण्याआधीच तो कोठे येईल हे ताडतो, बॅट त्या दिशेने हलवतो, आणि चुकले तर पुढच्या चेंडूला सुधारतो. ‘आता काय होणार’ याचे आगाऊ अनुमान आणि प्रत्यक्षाशी त्याची तुलना, हेच लहान मेंदूचे मर्म होय असे अनेक शास्त्रज्ञ मानतात.

काळाचे सूक्ष्म माप हीही त्याचीच विद्या. १९८९ साली अमेरिकेतील आयव्हरी व कील यांनी असे दाखविले, की लहान मेंदूस इजा झालेल्यांना एकसारख्या अंतराने बोट वाजविणे तर जमत नाहीच, पण दोन ध्वनींतील अंतर कमी की जास्त, हे नुसते ऐकून सांगणेही अवघड जाते. हे दुसरे निरीक्षण महत्त्वाचे आहे. ऐकून तुलना करण्यात हातपाय हलत नाहीत; ती निर्णयशक्ती आहे. तबलजी एका मात्रेच्या पोटात चार बोल समान बसवितो, आणि श्रोता त्यातील किंचित घसरण टिपतो. दोघांनाही लहान मेंदूचे साह्य लागते.

आता बोलण्याकडे वळू. मी घरी कोकणी बोलतो. घरी ‘हांव वतां’ म्हणणारी माझी जीभ वर्गात पाऊल ठेवताच ‘मी जातो’ म्हणते, आणि सराफ्यात गेलो की हिंदी बोलते. लहानपणी मराठी बोलताना मी प्रत्येक शब्द तोलून उच्चारीत असे. आता वाक्याचा प्रारंभ करताना त्याचा शेवट कसा होईल याची चिंता मला करावी लागत नाही. सायकल शिकताना जे घडते, तेच येथे घडले : आधी कष्टाने, मग सवयीने. तर मग सायकलीसाठी जो अवयव झटतो, तोच वाक्यासाठी झटत नसेल कशावरून?

नवे ज्ञान

नेमका हाच प्रश्न १९८६ साली अमेरिकेतील लाइनर दांपत्य व डॉ. डाऊ यांनी उपस्थित केला. वानरांपेक्षा मनुष्याच्या लहान मेंदूचा बाजूचा भाग फार वाढलेला आहे. तो केवळ हालचालींसाठीच असेल का, असे त्यांनी विचारले. लवकरच प्रत्यक्ष पुरावा मिळू लागला. पीटरसन, रेचल प्रभृतींनी १९८८-८९ च्या सुमारास मेंदूतील रक्तप्रवाहाची चित्रे घेतली. माणसाला एक नाम दाखवावयाचे व त्याने त्यास साजेसे क्रियापद सांगावयाचे. जसे ‘पाणी’ म्हटले की ‘पिणे’. नुसते नाम मोठ्याने वाचले तेव्हा जे दिसले नाही, ते क्रियापद शोधताना दिसले : लहान मेंदूचा उजवा भाग कामाला लागला. जीभ दोन्ही वेळा हललीच होती; अधिक घडले ते शब्द शोधण्याचे कार्य. उजवाच भाग का? कारण लहान मेंदूचा उजवा अर्ध मोठ्या मेंदूच्या डाव्या अर्धाशी जोडलेला असतो, आणि बहुतेकांची भाषा डाव्या बाजूस असते. पुढे असेही दिसले, की तीच नामे पुनःपुन्हा देऊन उत्तरे सरावाची झाली म्हणजे ही हालचाल ओसरते. नव्याला श्रम पडतात, सवयीला पडत नाहीत. हा खेळ तुम्ही वर्गात खेळून पाहा. पहिल्या फेरीतील अडखळ तिसऱ्या फेरीत राहत नाही.

१९९४ साली मिडलटन व स्ट्रिक यांनी माकडांच्या मेंदूतील तंतूंचा माग काढला, तेव्हा लहान मेंदूतून निघणाऱ्या वाटा कपाळामागील, आखणी व स्मरण करणाऱ्या भागापर्यंतही पोहोचतात असे आढळले. अखेर १९९८ साली बोस्टनच्या जेरेमी श्माहमान व जेनेट शर्मन यांनी, ज्यांचा विकार लहान मेंदूपुरताच मर्यादित होता अशा २० रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. तीही ‘ब्रेन’ याच नियतकालिकात. त्यांना चार प्रकारची उणीव दिसली. कामाची आखणी व क्रम लावणे कठीण जाणे. जागेची व आकृतीची जाण मंदावणे. भाषेत शब्द व व्याकरण अडखळणे. आणि भावना प्रसंगाला शोभतील अशा न राहणे, म्हणजे चेहरा निर्विकार होणे किंवा भलत्याच वेळी हसू येणे. श्माहमान यांनी याला विचाराचा मापभंग म्हटले. ज्याप्रमाणे हात पेल्याच्या पुढे जातो, त्याप्रमाणे विचारही आपल्या मुक्कामाच्या पुढे जातो किंवा अलीकडेच थांबतो. लहान मुलांत अशा गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर काही काळ वाचा बंद होणे हेही डॉक्टरांच्या परिचयाचे आहे.

हे वाचत असता माझ्या डोळ्यांपुढे ती वही उभी राहिली. मध्येच सुरू झालेला निबंध, दोनदा आलेले वाक्य, नसलेला शेवट, भलत्या वेळचे हसू. ज्याला मी आळस म्हटले होते, त्याची लक्षणे कित्येक वर्षांपूर्वी छापली गेली होती.

काही सावधगिरीच्या गोष्टी

मित्रहो, नवे ज्ञान मिळाले म्हणून जुने टाकून देऊ नये. विचार लहान मेंदूत उपजतो असे कोणी म्हणत नाही. अर्थ समजणे, आठवणी साठविणे, निर्णय घेणे यांत मोठा मेंदूच प्रमुख आहे; लहान मेंदू त्या कार्याला ओघ, क्रम व नेमकेपणा देतो. त्याचा प्रत्येक प्रकारच्या विचारात नेमका वाटा किती, याविषयी शास्त्रज्ञांत आजही वाद आहेत. शिवाय मेंदूची जुळवून घेण्याची शक्ती अचाट आहे. २०१४ साली चीनमधील एका २४ वर्षांच्या स्त्रीची हकीकत प्रसिद्ध झाली. तिला लहान मेंदू जन्मापासूनच नव्हता. ती सातव्या वर्षी चालू लागली व तिचे बोलणे सहाव्या वर्षापर्यंत कोणाला नीट कळत नव्हते. तथापि ती मोठी झाली, तिचा संसार झाला. लहान मेंदू नसला तर जीवन अशक्य होत नाही. ते कष्टाचे होते.

आणि प्रत्येक विस्कळीत निबंधाला लहान मेंदूच कारण असतो असेही नाही, हे मला आपल्या वर्गातील खेळकर मंडळींना आवर्जून सांगितले पाहिजे! निदान करणे हे डॉक्टरांचे काम आहे. निदान होईपर्यंत दोष न ठेवणे एवढे मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे.

पुढे काय झाले

त्या मुलाच्या आईवडिलांनी डॉक्टरांचा पुन्हा सल्ला घेतला व रीतसर तपासणी करून घेतली. शाळेत आम्ही काही साध्या गोष्टी केल्या. एका वेळी एकच प्रश्न विचारावयाचा. निबंधाआधी त्याने पाच मुद्दे वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहावयाचे, चिठ्ठ्या बाकावर ओळीने लावावयाच्या, आणि एकेक चिठ्ठी संपली की ती उलटी ठेवावयाची. जो क्रम मनात टिकत नव्हता, तो बाकावर टिकू लागला. लिहिण्यास अधिक वेळ दिला. ही कृपा नव्हे. दिव्यांग व्यक्तींच्या अधिकारांविषयीच्या २०१६ सालच्या कायद्यात दीर्घकालीन मज्जाविकारांचाही समावेश आहे, आणि परीक्षेत जादा वेळेची तरतूद अशाच विद्यार्थ्यांसाठी असते. पालकांनी हे ध्यानात ठेवावे व संकोच न करता शाळेशी बोलावे.

तो पहिल्यासारखा झाला असे मी सांगणार नाही; तसे झाले नाही. त्याची वाक्ये अजून तुटक येतात आणि जिन्यावर त्याला कठड्याचा आधार लागतो. पण वार्षिक परीक्षेत त्याने लिहिलेल्या निबंधाला प्रारंभ होता, मध्य होता, आणि शेवटही होता. दीड पानाचाच निबंध. तो लिहिण्यास त्याला इतर मुलांच्या दुप्पट वेळ लागला.

त्याच्या आईने ती जुनी वही जपून ठेवली होती. मी ती मागून घेतली आणि त्या दोघांच्या देखत माझा शेरा खोडून खाली सही केली. त्यांच्या अनुमतीने ही हकीकत येथे लिहिली आहे. मुलाचे नाव लिहिण्याचे कारण नाही.

आपल्या इंदुरात १८७८ साली वैद्यकीय शिक्षण सुरू झाले आणि १९४८ साली वैद्यकीय महाविद्यालय निघाले. तुमच्यापैकी काहीजण तेथे शिकतील, लहान मेंदूच्या त्या बारीक घड्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहतील, आणि आज ज्याविषयी वाद आहेत त्यांत कदाचित भरही घालतील. इतरांनी एवढेच करावे : परीक्षेत लहान मेंदूचे कार्य विचारले तर तोल व सुसूत्रता हे उत्तर अवश्य लिहावे, आणि त्याखाली आणखी एक ओळ जोडावी, की विचाराचा तोलही तो सांभाळतो.